ओ देणारा फोन

आमच्या आक्कासाठी मोबाइल फोन कसा निवडला हे सांगायला बसलो, की मला आधी हाळीचं सांगावं लागतं. त्याशिवाय त्या फोनची गोष्ट कुणाला कळायची नाही.

उंब्रजला महामार्ग सोडून आत वळलं, की ओढ्याच्या अंगाला आमची वस्ती. वस्ती म्हणजे रानात लांब लांब पांगलेली चार घरं. एका घरातून दुसऱ्या घरी निरोप द्यायला कुणी चालत जात नसे. बांधावर उभं राहायचं, तोंडाला दोन्ही हातांचा आडोसा करायचा आणि लांब सूर काढून हाक मारायची. ही हाळी. ज्याच्या कानावर ती पडली त्यानं पलीकडून 'ओऽऽ' म्हणायचं, आणि ओ आल्याशिवाय पुढचं बोलायचं नाही. ओ आली म्हणजे माणूस तिथं आहे आणि त्याचा कान आपल्याकडं आहे. ओ न घेता कुणी निरोप सांगायला लागला तर म्हातारी माणसं त्याला वेड्यात काढत.

आक्का आम्हा तिघा भावंडांत थोरली. ती लहान असताना देवी आल्या आणि तिचे डोळे घेऊन गेल्या. आई-वडील दिवसभर रानात, त्यामुळं मधला दादा आणि धाकटा मी असे दोघं तिच्या ताब्यात. दिसत नसलेल्या पोरीनं दोन वांड पोरं सांभाळायची कशी? तिनं हाळीचा लगाम केला. मधूनमधून ती ओट्यावरून हाळी द्यायची आणि आम्ही असू तिथून ओ द्यायची. ओढ्यात असलो तर ओढ्यातून, चिंचेवर असलो तर चिंचेवरून. ओ कुठून आली यावरून तिला सगळं दिसायचं. 'उतर खाली, ती फांदी वाळल्याली हाय!' असा तिचा आवाज यायचा आणि आम्ही गुमान उतरायचो. चोरून गूळ खाल्लेला तिनं पोटात घातला, शाळा बुडवलेली घातली, पण ओ न देणं तिनं कधी पोटात घातलं नाही.

त्याला कारण घडलं होतं. एकदा दादानं गंमत म्हणून ओ दिली नाही. विहिरीजवळच्या करंजाच्या आड दबून बसला आणि माझंही तोंड त्यानं दाबून धरलं. आक्का हाळी देत देत ओट्यावरून उतरली, हात पुढं धरून रानात आली, आणि आमचा शोध घेत सरळ विहिरीच्या अंगाला चालू लागली. त्या विहिरीला कठडा नव्हता. दादाच्या नरड्यातून जी ओ बाहेर पडली तशी ओ मी जन्मात दुसरी ऐकली नाही. आक्का जागच्या जागी थांबली. तिनं दादाला मारलं नाही, पण दादा संध्याकाळपर्यंत तिच्या पाठून हलला नाही. ती आता पडणार, ही धास्ती त्याच्या मनात तिथं बसली ती कायमची. पुढं सगळं घडलं ते त्या धास्तीपायी.

मी मोठा होऊन फौजेत गेलो, सिग्नलमध्ये. डोंगरावर बसून एका ठाण्याचं बोलणं दुसऱ्या ठाण्याला पोचवायचं हे माझं काम. पहिल्याच आठवड्यात उस्तादानं शिकवलं, की पलीकडून पोच आल्याशिवाय पुढचा शब्द बोलायचा नाही. मी मनात म्हटलं, हे तर आमच्या आक्काचंच शिक्षण. पेन्शनीवर आल्यावर सांगलीच्या एका कारखान्यात टेलिफोनच्या बोर्डावर बसलो. दादा साताऱ्याच्या शाळेत गणित शिकवायचा आणि तिथंच दोन खोल्यांत राहायचा. घरात सगळे, आक्कासुद्धा, त्याला दादाच म्हणत. आई-वडील गेल्यावर वस्तीवर आक्का एकटी राहिली. लग्न तिनं करून घेतलं नाही. एक म्हैस, थोड्या कोंबड्या, रान वाट्यानं लावलेलं, वाटेकरी सकाळ-संध्याकाळ येऊन जायचा. घर तिच्या पायांना पाठ होतं. विहिरीवर तिनं स्वतः गवंड्याच्या उरावर बसून कठडा बांधून घेतला होता.

मग उपसा सिंचनाचं पाणी आलं आणि रानाचं रूप पालटलं. ज्वारी गेली, भुईमूग गेला, बांधापासून बांधापर्यंत ऊस उभा राहिला. सगळ्यांचं बरं झालं, आमचंही झालं. पण ऊस आवाज खातो, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. दोन पुरुष उंचीचा ऊस चारी बाजूंनी उभा राहिला की हाळी त्यात शिरते आणि तिथंच मरते. त्यात पाण्याच्या मोटारींची घरघर. हळूहळू लोकांनी हाळी देणं सोडलं. ज्याच्याकडं मोटारसायकल होती तो तिच्यावरून जाऊन निरोप देऊ लागला.

एका श्रावणात आक्का हौदाजवळच्या शेवाळावर घसरली आणि तिचा घोटा मोडला. सकाळची वेळ. ती तिथंच बसून हाळी देत राहिली. शेजारचं घर उसाच्या पलीकडं होतं, तिथली माणसं अंगणात धान्य निवडत बसलेली होती, पण त्यांना काही ऐकू आलं नाही. वाटेकरी त्या दिवशी पाहुण्यांकडं फलटणला गेलेला. तो दिवेलागणीला परतला तेव्हा आक्का हौदाला टेकून बसलेली होती आणि तिचा आवाज बसला होता. नंतर ती मला एवढंच म्हणाली, 'पायाचं काय न्हाई रं. पर दिसभर कुनी ओ दिली न्हाई.'

प्लास्टर होतं तोवर दादानं तिला साताऱ्याला नेलं. वहिनीनं तिचं सगळं मनापासून केलं. पण मी सांगलीहून भेटायला गेलो तेव्हा आक्का खाटेवर भिंतीकडं तोंड करून बसली होती. पाणी कुठं आहे ते विचारायचं, मोरी कुठं ते विचारायचं, बाहेर कोण बोलतंय ते विचारायचं. विचारून विचारून तिला लाज वाटायला लागली आणि मग तिनं विचारणंच सोडलं. जिच्या तोंडाला सबंध वस्ती टरकायची ती आमची आक्का गप्प झालेली मी तिथं पहिल्यांदा पाहिली. मला फार भीती वाटली.

प्लास्टर निघालं आणि ती हट्टानं वस्तीवर परत गेली. पाठोपाठ दादा वस्तीवर आला, मलाही बोलावून घेतलं. म्हणाला, 'आक्का, आता बास. दिवाळी झाली की तू कायमची साताऱ्याला. म्हैस विकून टाकू.'

'मी न्हाई येत,' आक्का म्हणाली.

'पुन्हा पडलीस तर?'

'उटंन.'

'आणि उठता नाही आलं तर? कुणाला हाक मारणार आहेस?'

आक्का ओट्याच्या कडेवरून हात फिरवत बसली. दादाचा राग खरा नव्हता, तो विहिरीच्या काठावरचा पोरगा होता. हे मला कळत होतं, म्हणून मला दोघांचीही कणव आली.

वस्तीवर तारेचा फोन येणार नव्हता. अर्ज करून थकलो होतो, खांबच तिकडं येत नव्हते. पण नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि महामार्गाच्या कडेला मोबाइलचा मनोरा उभा राहिला होता. आमच्या कारखान्यातले साहेब लोक फोन कमरेला लावून फिरायचे. मी म्हटलं, 'दादा, आक्काला मोबाइल घेऊ.'

दादा माझ्याकडं बघतच राहिला. 'अरे, धडधाकट डोळ्यांच्या माणसांना त्याची बटणं कळत नाहीत. ती काय करणार त्याचं?' मग म्हणाला, 'ठीक आहे. दिवाळीच्या आधी तिनं एकटीनं, कुणाच्या मदतीशिवाय, मला साताऱ्याला फोन लावून दाखवायचा. सगळे आकडे तिनं स्वतः दाबायचे. लागला तर राहू दे इथं. नाही लागला तर मी गाडी घेऊन येईन.'

'चालंल,' आक्का म्हणाली. तिला तेव्हा मोबाइल म्हणजे काय हेही नीट माहीत नव्हतं.

फोन मी आणून देणार होतो, पण ती म्हणाली, 'म्हस घ्यायला तू येकटा जातोस व्हय? मी हात लावल्याबिगर कुटलंच जनावर घेत न्हाई.' म्हणून तिला घेऊन एस.टी.नं साताऱ्याला गेलो. पोवई नाक्याजवळच्या दुकानात काचेखाली फोन मांडले होते, सराफाच्या पेढीत दागिने मांडतात तसे. दुकानदार भला होता, पण गरज तिची आणि बोलणं माझ्याशी.

'साहेब, हा बघा. याचा पडदा सगळ्यात मोठा. आकडे लांबून दिसतात.'

आक्का म्हणाली, 'लय ब्येस झालं. माझ्या म्हशीला दावते.'

दुकानदार ओशाळून हसला आणि मग मात्र त्यानं फोन तिच्या हातात दिले. एकाची बटणं इतकी सपाट, की तिची बोटं त्यावरून तशीच सरकून गेली. 'ह्याला दातच न्हाईत,' ती म्हणाली. दुसरा उघडझाप करणारा, नाजूक. तिनं तो उघडला, मिटला आणि 'ह्यो माझ्या हातात म्हैनाभर टिकायचा न्हाई' म्हणून परत दिला. तिसऱ्याची बटणं उंच होती, दाबल्यावर टिक असा आवाजही यायचा. मला वाटलं, जमलं. आक्कानं सगळी बटणं एकामागून एक दाबली आणि मान हलवली. सगळ्यांचा आवाज एकच होता.

'सगळ्या पोरांनी येकाच आवाजात ओ दिली तर खाली कुनाला उतरवायचं आनि वर कुनाला ठेवायचं?' तिनं मला विचारलं.

मी थांबलोच. इतका वेळ मी वजन बघत होतो, बॅटरी बघत होतो, फौजेतली अक्कल पाजळत होतो. ती एकच गोष्ट शोधत होती. हा फोन ओ देतो का? मी बोट लावलं की तो मला सांगतो का, की हे मी, मी चार, मी सात? साताऱ्याहून आम्ही हात हलवत परतलो.

पुढच्या आठवड्यात तिला सांगलीला घेऊन गेलो. बस स्थानकामागच्या गल्लीत एक जण पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा आणि आता नवे-जुने मोबाइल विकायचा. त्यानं आक्काचं म्हणणं ऐकून घेतलं, जरा विचार केला आणि आतल्या कपाटातून एक जुना, विटेएवढा जाड फोन काढला. म्हणाला, 'हा आता कुणी घेत नाही, मावशी. लोकांना याचा आवाज नको असतो. मी बंद केलेला आवाज चालू करून देतो, बघा.'

आक्कानं फोन तळहातावर तोलला. वरून खाली अंगठा फिरवला. मधल्या बटणावर एक बारीकसा उंचवटा होता, तिथं अंगठा थांबला.

'ह्याला टिकली लावलीया!'

'तो पाच, मावशी. सगळ्यांच्या मधला.'

'मंग वरची रांग एक, दोन, तीन. हितनं खाली सात.' तिनं बटण दाबलं. फोननं सूर काढला. शेजारचं दाबलं, सूर बदलला. तिनं पुन्हा वरून सुरुवात केली, प्रत्येक बटणाशी कान लावून, आणि शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन परत फिरली. मग तिनं मला सांगितलं, 'तू दाब. मी सांगते.' मी आठ दाबला. 'आठ.' मी तीन दाबला. 'तीन.' मी फसवायला आठच पुन्हा दाबला. 'आरं लबाडा, आठच की.' दुकानात फोन घ्यायला आलेली दोन माणसं आपलं काम विसरून बघत उभी राहिली होती.

अजून तिचे प्रश्न संपले नव्हते. पलीकडच्यानं ठेवला हे कसं कळणार? टूक टूक होतं. भूक लागली, म्हणजे बॅटरी संपत आली, तर हा ओरडतो का? ओरडतो. तिनं लुगड्याच्या पदरानं फोन पुसला आणि म्हणाली, 'ह्योच. ह्यो मानसावानी हाय.' दुकानदाराच्या तोंडावर असा आनंद दिसला, की जणू त्याच्या घरचीच लेक चांगल्या घरी पडली.

तो फोन घेऊन आम्ही वस्तीवर आलो आणि माझं तोंड काळवंडलं. घरात फोनला रेंज नव्हती. पडद्यावर एकही काडी उभी राहीना. दगडी भिंती, ओढ्याकडचं खोलगट रान, भोवती ऊस. मी हात वर करून अंगणभर फिरलो, कौलावर चढलो. कुठं एक काडी यायची आणि पापणी लवेपर्यंत जायची. आणि एखादी जागा सापडली तरी उपयोग काय? काड्या तिला दिसणार नव्हत्या. उद्या वारं फिरलं, ऊस वाढला, जागा बदलली, तर ती कशावरून ओळखणार? मी कपाळाला हात लावून ओट्यावर बसलो. आक्का शेजारी ट्रान्झिस्टर लावून गाणी ऐकत होती. मी फोन त्या ट्रान्झिस्टरजवळ ठेवला होता.

एकाएकी रेडिओ किरकिरला. गुर्र, टिकटिक, गुर्र.

'हे कोन मधीच?' आक्कानं विचारलं.

'फोन आहे. तो बोलतो तेव्हा रेडिओत खरखर उठते.'

'आरं पर त्यो तर गप बसलाय.'

'आपल्याला गप वाटतो. तो अधूनमधून मनोऱ्याला सांगत असतो, मी इथं आहे, मी इथं आहे.'

आक्कानं गाण्याचा आवाज बारीक केला. 'म्हंजी हाळी देतोय.'

'हाळीच म्हण.'

'आनि मनोरा लांब असला तर?'

'तर जोरात देतो. जवळ असला तर हळू.'

ती उठली. एका बगलेत ट्रान्झिस्टर धरला, एका हातात फोन. म्हणाली, 'तुझ्या घरी लावून दे आनि चालू ठेव.' कौलावर चढून मी सांगलीचा नंबर लावला, पलीकडं बायकोनं उचलला, तिला म्हटलं नुसती बोलत राहा. फोन खाली आक्काच्या हातात दिला. आक्का चालायला लागली. दाराशी रेडिओ असा तडतडला की मला कान झाकावेसे वाटले, आणि फोन तुटला. पुन्हा लावला. तुळशीपाशी खरखर जरा उतरली. हौदाकडं गेल्यावर वाढली. ती मागं फिरली, मान तिरकी करून, पायानं जमीन चाचपत, आणि गोठ्याकडं वळली. गोठा आमचा जरा उंचवट्यावर. गव्हाणीच्या कोपऱ्यात, छपराच्या मेढीपाशी येऊन ती थांबली. रेडिओत आता नुसती मुंगीच्या चालीची कुरकुर राहिली होती.

'हितं ह्यो कानात बोलल्यावानी बोलतोय,' ती म्हणाली. 'हितं त्याला जवळनं ओ मिळतीया.'

मी धावत जाऊन पडद्यावर बघितलं. सगळ्या काड्या उभ्या होत्या. फोनमधून माझ्या बायकोचा आवाज स्वच्छ येत होता, ती शेजारणीच्या पापडाचं काहीतरी सांगत होती.

मी अर्धं आयुष्य मनोरे, लहरी आणि तरंग यांच्यात काढलं होतं. तरी मोबाइलचा आवाज रेडिओत शिरतो याला आम्ही उपद्रव म्हणायचो. माझ्या बहिणीनं त्या उपद्रवाला कान दिला आणि न दिसणारा मनोरा बोटानं दाखवावा तसा शोधून काढला. मला आनंदानं रडू यायला लागलं. काय करावं ते सुचेना, म्हणून मी तिथं शेणाच्या पाट्या पडल्या होत्या त्यांच्यामध्ये उभा राहून तिला कडक सलाम ठोकला. तिला तो दिसला नाही, पण टाचा जुळल्याचा आवाज तिनं ओळखला.

'येडा कुटला,' ती म्हणाली.

सरपटत आलं तरी हात पोचेल अशी मेढीला खाली खुंटी मारून तिथं फोनची पिशवी टांगली. पुढचे काही दिवस मी रजा घेऊन वस्तीवरच राहिलो. दादाचा नंबर तिनं आकड्यांनी पाठ केलाच नाही, सुरांनी केला. भाकरी थापताना ती तो गुणगुणायची. एक बटण चुकलं, की लगेच थांबायची आणि 'सूर गेला' म्हणून पुन्हा पहिल्यापासून लावायची. मला त्या नंबराची चाल इतकी सवयीची झाली, की आजही कधी ओठांवर येते.

दिवाळीच्या दोन दिवस आधीची संध्याकाळ ठरली. दादानं मला साताऱ्याला बोलावून घेतलं. 'तू तिथं असलास तर तूच नंबर लावशील,' म्हणाला. तो गणिताचा मास्तर, कॉपी पकडण्यात हयात गेलेली. त्याच्या घरी टीपॉयवर फोन होता. आम्ही दोघं त्याच्यासमोर बसलो. वहिनीनं चहा आणला. ठरलेली वेळ आली आणि गेली. फोन वाजला नाही.

चहा तसाच राहिला. बाहेर पोरं फटाके उडवत होती, प्रत्येक आवाजाला दादा दचकत होता. मी एकदा रिसीव्हर उचलून बघितला, लाइन चालू होती. मग दादा उठला, खिडकीपाशी गेला आणि म्हणाला, 'पडली असेल.' त्याचा चेहरा पांढरा पडला होता. 'मी गाडी बघतो. चल, आत्ताच निघू.' त्याला ही पैज जिंकायची नव्हती हे मला तेव्हा लख्ख दिसलं. त्याला फक्त ती हवी होती, धड आणि जिवंत.

तो चपला घालत असताना फोन वाजला. दादानं एक चप्पल घातलेल्या पायानं झेप घेऊन तो उचलला. 'हॅलो! हॅलो!'

मी कान जवळ नेला. पलीकडं म्हशीच्या गळ्यातली साखळी खळखळली आणि आक्काचा आवाज आला, वस्तीवरचा, ठणठणीत, भरलेला.

'हॅलो काय? ओ म्हन.'

पन्नाशी ओलांडलेला माणूस, शाळेत पोरं ज्याला चळचळा कापायची, तो दोन्ही हातांनी रिसीव्हर धरून उभा होता.

'ओ म्हन की रं. का करंजाआड लपलायस?'

'ओ,' दादा म्हणाला. मग मोठ्यानं, विहिरीच्या काठावरून म्हणाला होता तसं, 'ओऽऽ आक्का!'

'हां. आता कसं.'

'उशीर का केलास? इथं जीव जायची वेळ आली.'

'म्हस पिळत हुते. तिला काय तुझी परीक्षा ठावी हाय व्हय? ठेव आता, पैसं पडत्यात.' टूक टूक झालं.

दादानं रिसीव्हर ठेवला. खुर्चीत बसला, डोळे पुसले, हसला, पुन्हा डोळे पुसले. वहिनी दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती. मला वाटलं, झालं, संपलं. पण दादानं जरा वेळानं पुन्हा फोन ओढला आणि माझ्याकडून आक्काचा नंबर विचारून घेत स्वतः एकेक आकडा लावला. आक्कानं नंतर सांगितलं, की ती तिथंच गोठ्यात रेडिओ लावून बसली होती, रेडिओ किरकिरला आणि फोन वाजायच्या आधीच तिनं पिशवीत हात घातला. तिकडं घंटा धड एकदाही वाजली नसेल.

'ओऽऽ,' पलीकडून आक्का म्हणाली.

आयुष्यभर ती हाळी देत आली होती आणि ओ आम्ही दिली होती. त्या संध्याकाळी पहिल्यांदा हाळी दादानं दिली आणि ओ तिची आली.

'काय रं?' तिनं विचारलं.

'काही नाही,' दादा म्हणाला. 'आहेस का बघितलं.'

'मी हितंच हाय,' आक्का म्हणाली. 'आता मी कुटं जातीया?'